बुधवारी न हलणाऱ्या खाटा

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. बाळंतिणींच्या वॉर्डात उभा जन्म काढलेल्या बाईला राग येत नसेल, तर तिनं तिथं काही काम केलेलं नाही असं खुशाल समजावं. नातेवाईक खाटेवर बसले की मी ओरडते. खिडकीतून केळीची सालं फेकली की ओरडते. आणि बाळाला मध चाटवायला बोट पुढं आलं, की त्या बोटाच्या मालकिणीला वॉर्डाबाहेर काढते. तरी बायका आमच्याकडेच येतात, पार गिरडकडून येतात. आमचा दवाखाना ट्रस्टचा आहे, वर्ध्याहून हिंगणघाटकडे जाताना रस्त्याला लागून. मी तिथली इन्चार्ज सिस्टर, शरयू.

माझ्या वॉर्डात खिडकीशी सहा खाटा आहेत. त्या आधी नव्हत्या. बाकीच्या खाटा भरल्या की बाळंतिणी सतरंजीवर झोपायच्या, टाके पडलेल्या बायका भिंतीला धरून उठायच्या, आणि ते बघून माझा जीव तीळतीळ तुटायचा. आधीच्या अध्यक्षांच्या मागं हात धुऊन लागले तेव्हा कुठं त्या सहा खाटा आल्या. म्हणून त्या माझ्या. ट्रस्टच्या कागदावर कोणाच्याही असोत.

तर त्या सहा खाटांवर गदा आली ती कॉम्प्युटरमुळे.

गेल्या वर्षी दवाखान्यात सिस्टीम बसली. पेशंट आला कधी, डॉक्टरांनी पाहिलं कधी, औषध मिळालं कधी, सुट्टी लिहिली कधी, खाट रिकामी झाली कधी, सगळं त्यात टाकायचं. आम्ही एका बोटानं टाकत राहिलो. ते कोणी वाचेल असं आमच्या स्वप्नातही नव्हतं. सरकारी पद्धतीत वाढलेली माणसं आम्ही, लिहिलेलं वाचायचं असतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं. पण आमचे अध्यक्ष अण्णाजी नव्या विचारांचे. जिनिंगचा कारखाना चालवतात, मोबाईलवर भाव बघतात. आता अंदाजपंचे दाहोदरसे बंद, म्हणाले, आता डेटा. आणि तो वाचायला त्यांनी ऋग्वेद नावाचा मुलगा नेमला.

ऋग्वेदचे आईवडील वर्ध्याचेच, पण तो वाढला बंगलोरात. मराठी स्वच्छ बोलायचा, फक्त पुस्तकातून वाचल्यासारखी. दवाखान्यात जागा नव्हती म्हणून त्याला फाटकाबाहेरचा, रस्त्यापलीकडचा एक गाळा दिला. तिथं तो कॉम्प्युटर, पंखा आणि एक रिकामं लोखंडी कपाट घेऊन बसायचा. वॉर्डात आला की बायका त्याला लग्न झालं का विचारायच्या, आणि तो लाल होऊन खाटा मोजायला लागायचा.

महिनाभरानं त्यानं सगळ्यांना सभेला बोलावलं आणि भिंतीवर एक चित्र पाडलं. प्रत्येक वाराला माझ्या वॉर्डातून किती बायका घरी जातात, त्याचे उभे पट्टे. सोमवार, मंगळवार ठीक. गुरुवारचा पट्टा छतापर्यंत. आणि बुधवारच्या जागी काहीच नाही, पडलेल्या दातासारखी मोकळी जागा.

डॉक्टर बुधवारी सुट्टी लिहितात, ऋग्वेद म्हणाला, कागद तयार होतात, औषधं मिळतात, आणि पेशंट खाटेवरून हलत नाही. वर्षभर, एकाही बुधवारी नाही. बाकी वॉर्डांत असं होत नाही. मग त्यानं घसा साफ करून निष्कर्ष सांगितला. बुधवारी आमच्या गावचा बाजार असतो. तेव्हा वॉर्डातला स्टाफ बाजारात जात असावा.

माझ्या कानशिलाच्या शिरा तडतडल्या. पण मी बोलले नाही, आणि गंमत अशी की कोणीच बोललं नाही. खरं कारण त्या खोलीतल्या झाडून सगळ्यांना माहीत होतं. माहेरी आलेल्या लेकीला बुधवारी सासरी धाडत नाहीत. 'जाशील बुधी तर येशील कधी' हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरीलाही ठाऊक असतं. तीच रीत बाळंतिणींनी दवाखान्याला लावली होती. आमच्या डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या बहिणीला बुधवार टाळून गुरुवारी घरी नेलं होतं. पण भिंतीवर एवढं रंगीत चित्र असताना, बंगलोरच्या मुलासमोर, विज्ञान शिकलेल्या माणसांनी उठून 'आम्ही बुधवार पाळतो' म्हणायचं कसं? डॉक्टरीणबाई पेनचं टोपण बघत बसल्या. मी छताचा पंखा बघितला.

अण्णाजींनी मात्र निर्णय दिला. बुधवारी खाटा अडवून ठेवायच्या असतील, तर त्या खाटांची गरजच नाही. दोन महिन्यांत बुधवार सुधारला नाही, तर खिडकीजवळच्या सहा खाटा काढायच्या आणि तिथं दोन स्पेशल रूम करायच्या, एसी आणि टीव्ही लावून.

बाहेर आल्यावर मी ऋग्वेदला जिन्यात गाठलं आणि खरं कारण सांगितलं. आवाज जरा चढला असेल. त्यानं ते टिपून घेतलं आणि विचारलं, ही समजूत नेमकी किती टक्के पेशंटमध्ये आहे? मी त्याला म्हटलं, बाबा, तुझं जेवण झालं का? कारण भरल्या पोटी माणूस असे प्रश्न विचारत नाही.

तरी पोरगा वाईट नव्हता. त्यानं आपल्या परीनं उपाय काढला. वॉर्डाबाहेर व्हरांड्यात चार खुर्च्या मांडल्या आणि त्याला नाव दिलं डिस्चार्ज लाउंज. बुधवारी सुट्टी झालेल्या बायकांनी तिथं बसायचं, म्हणजे खाट रिकामी झाल्याची नोंद होईल. बायका बसल्या. ओली बाळंतीण, मांडीवर बाळ, पाठीला लोखंडी खुर्ची, आणि गुरुवार उजाडायला अख्खा दिवस बाकी. मी दहा मिनिटं बघितलं आणि सगळ्यांना परत खाटांवर नेऊन झोपवलं. सिस्टीममध्ये त्या खाटा रिकाम्याच राहिल्या. त्यामुळे खालच्या नोंदणीतून नव्या पेशंटना त्याच खाटांचे नंबर मिळाले, आणि त्या दुपारी एकेका खाटेवर दोन बाळंतिणी आणि दोन्हीकडच्या सासवा असं संमेलन भरलं. कोणतं बाळ कोणाचं यावरून तंटा होता होता वाचला. खुर्च्या मी स्वतः उचलून रस्त्यापलीकडे ऋग्वेदच्या गाळ्यात नेऊन टाकल्या.

माझा उपाय त्याहून शहाणपणाचा होता, असं मला वाटलं होतं. मी वॉर्डातलं कॅलेंडर काढून टाकलं. वारच कळला नाही तर पाळणार काय? बुधवारी सकाळी मी सगळ्यांना हसतमुखानं सांगितलं की आज मंगळवार. बायकांनी माना डोलावल्या. तेवढ्यात बाजारातल्या लाऊडस्पीकरवरून कांद्याचा भाव खिडकीतून आत आला. एक जण म्हणाली, बाजार तर बुधवारी असते. दुसरी म्हणाली, सिस्टरबाईची तब्येत बरी नाई वाटते. मला त्यांनी बसवून पाणी दिलं. त्या दिवशीही एक खाट हलली नाही.

अशात अल्लीपूरची आकांक्षा आली. दुसरं बाळंतपण, मुलगा झाला, टाके पडले. सोबत सासू रुख्माबाई. रुख्माबाई म्हणजे उंचपुरी, नाकात चमकी, आणि बोलणं असं की शेताच्या त्या टोकाला ऐकू जावं. पहिल्याच दिवशी माझी आणि तिची जुंपली, कारण ती खाटेवर बसली होती. मी म्हटलं, उठा. ती म्हणाली, तू बस मंग, सकाळपासून उभीच हायेस. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

आकांक्षाला आई नव्हती, लहानपणीच गेलेली. म्हणून दोन्ही बाळंतपणं सासरूनच. दुधाचा त्रास झाला, ताप भरला, तेव्हा मी दोनतीन वेळा रात्रपाळी बदलून घेतली. त्यात विशेष काही नाही, ते माझं काम. एका दुपारी रुख्माबाईनं विचारलं, तुयं माहेर कोनतं व्हय? मी सांगितलं, आर्वीचं होतं, आता उरलं नाही. आईवडील गेले, भावानं घर विकलं आणि तो सुरतेला गेला. दिवाळीला सुट्टी घेऊन जायचं कुठं, म्हणून मी घेतच नाही. तिनं आकांक्षासाठी आणलेला डिंकाचा लाडू माझ्या हातावर ठेवला.

डॉक्टरीणबाईंनी आकांक्षाला बुधवारी सुट्टी लिहिली. दोन महिन्यांतले बरेच बुधवार कोरडे गेले होते. मी आदल्या दिवशीच, मंगळवारी दुपारी, रुख्माबाईला गाठलं. रात्रभर विचार करून एक बिनतोड मुद्दा काढला होता.

म्हटलं, बघा, माहेराहून बुधवारी गेली तर लेक परत येत नाही, म्हणून बुधवार वाईट. पण हा तर दवाखाना. इथं परत यायचं नसतंच. मग दवाखान्यातून निघायला बुधवारच चांगला, नाही का?

वॉर्डातल्या बायका ऐकत होत्या. दोघीतिघींना पटल्यासारखं दिसलं. मला वाटलं जिंकले.

रुख्माबाईनं सुनेच्या केसांतून फणी फिरवणं थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "या पोरीले माय नाई. इतके दिस तिले उठवलं कोनं, बसवलं कोनं, तापात उशाशी कोन बसलं? तू. मंग हे तिचं माहेर नाई त काय व्हय? दवाखाना तुले दिसत असंल, बाई. आमाले नाई दिसत."

बायकांच्या माना परत तिच्या बाजूला गेल्या. आणि मी, जी दिवसभर यांच्यावर खेकसते, ती औषधाच्या खोलीत जाऊन उगाच बाटल्या नीट लावत बसले. मला रडू आलं होतं. सांगायला लाज कसली.

रुख्माबाईनं मला तसं आत जाताना पाहिलं असावं. माझ्यामागं तिनं वॉर्डात चौकशी केली, आणि सहा खाटांचं प्रकरण तिला कळलं. पुढं जे झालं ते तिनं कोणाला न विचारता केलं.

बुधवारी सकाळी फाटकावर आरडाओरडा ऐकू आला. आमचे चौकीदार रूपराव पुलगावच्या लष्करी डेपोतून निवृत्त झालेले. सगळी नोकरी दारूगोळ्याच्या राखणीत केली, त्यामुळे बेवारस वस्तू दिसली की त्यांच्यात तरुण शिपाई संचारतो. ऋग्वेदनं गाळा उघडला, तर लोखंडी कपाटात, जे रिकामं असायला हवं, त्यात लाल खणाचं एक गाठोडं. त्यानं ते रूपरावांना दाखवलं. झालं. रूपरावांनी रस्त्यावर दोरी बांधली, वाळूची बादली आणली, चहाच्या टपरीवाल्याला पार नाल्यापर्यंत मागं रेटलं, आणि ऋग्वेदला जमिनीवर पालथं पडायला सांगितलं. पोरगा पडलाही. कोणी हात लावायचा नाही, रूपराव सांगत होते, कोणी मोबाईल लावायचा नाही, कोणी शिंकायचं नाही.

मी धावत गेले. माझ्यामागून रुख्माबाई आली, आणि दोरीखालून न जाता ती सरळ वर उचलून आत गेली.

"माह्या नातवाचं टोपडं हाये त्यात," ती म्हणाली. "सुपारी हाये, हळकुंड हाये अन मूठभर तांदूळ. परस्थान व्हय ते. कोनी हलवाचं नाई."

प्रस्थान. माझ्या आजीच्या तोंडून ऐकलेला शब्द. वाईट दिवशी निघायची वेळ आली, तर आदल्या चांगल्या दिवशी आपली एखादी वस्तू गाठोड्यात बांधून वेशीबाहेर नेऊन ठेवायची. म्हणजे प्रवास कालच सुरू झाला. आज फक्त मागं राहिलेलं माणूस त्या गाठोड्याला जाऊन मिळतं. बुधवारला फसवायची वाट आमच्या आज्यांनी कधीच काढून ठेवली होती, आणि आम्ही मात्र खुर्च्या आणि कॅलेंडरं हलवत बसलो होतो. दवाखान्याची हद्द फाटकाशी संपते. फाटकापलीकडचं पहिलं छप्पर ऋग्वेदच्या गाळ्याचं. मंगळवारी संध्याकाळी तो चहाला गेला असताना रुख्माबाई शांतपणे जाऊन गाठोडं ठेवून आली होती.

ऋग्वेद कपडे झटकत उठला. दाढीला माती लागली होती. त्यानं विचारलं, म्हणजे या आज जाणार?

"कालच गेलो आमी," रुख्माबाई म्हणाली. "आज गाडी आनली फक्त."

आणि खरोखर, त्या बुधवारी सकाळी आकांक्षा बाळ घेऊन उठली, मला वाकून नमस्कार केला, गाळ्यातून गाठोडं उचललं आणि अल्लीपूरला गेली. सिस्टीममध्ये बुधवारच्या पट्ट्यात पहिली रेघ उमटली. ऋग्वेद ती दाखवायला लॅपटॉप उघडा धरून वॉर्डात पळत आला. बायकांनी त्याला बाळ झाल्यासारखे पेढे मागितले.

मग काय विचारता. मंगळवार संध्याकाळ झाली की गाळ्यासमोर सासवा, आया, मावश्या गाठोडी घेऊन हजर. ऋग्वेदला आधी संकोच वाटायचा. पुढं त्यानं कपाटाच्या फळ्यांना खाटांचे नंबर चिकटवले, कारण एकदा एका मुलीचं टोपडं एका मुलाच्या घरी गेलं आणि दोन्ही कुटुंबं आठवडाभर बोलत नव्हती. सिस्टीममध्ये त्यानं एक नवा चौकोन टाकला: प्रस्थान ठेवलं, होय किंवा नाही. रूपराव गाठोड्यांवर पहारा देऊ लागले आणि डेपोतल्या शिस्तीनं प्रत्येकीकडून आत काय आहे ते विचारून घेऊ लागले. तांदूळ चालेल, म्हणायचे, माचिस नाई.

दुसरा महिना संपत आला तेव्हा अण्णाजींची लेक वेदश्री माहेरी बाळंतपणाला आलेली होती. तिला नागपूरच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं ठरलं होतं. पण बाळानं वाट पाहिली नाही, आणि अण्णाजींच्या गाडीला सगळ्यात जवळ आमचंच फाटक लागलं. वेदश्री माझ्या वॉर्डात आली, खिडकीजवळच्या सहा खाटांपैकी एकीवर. मुलगी झाली, गुटगुटीत. वेदश्री पहिले दोन दिवस घाबरलेली होती, मग शेजारच्या बायकांत अशी रमली की आई सुलोचनाबाईंनी आणलेला शिरा सगळ्या खाटांवर फिरायला लागला. मी ओरडायचं तेवढं ओरडले.

तिची सुट्टी नेमकी बुधवारी निघाली, आणि नेमकी त्याच बुधवारी सकाळी निकालाची सभा होती. मंगळवारी संध्याकाळी मी गाळ्याशी काही कामानं गेले, तर रांगेत अण्णाजी. हातात घडी केलेलं वर्तमानपत्र, आणि त्यातून लाल खणाचं टोक बाहेर आलेलं. मी न बघितल्यासारखं केलं. घरून सांगतलं म्हणून, ते कोणाला तरी पुटपुटले. ऋग्वेदनं त्यांना नियमाप्रमाणे खाट नंबर विचारला, आणि रूपरावांनी माचिस.

बुधवारच्या सभेत ऋग्वेदनं भिंतीवर नवं चित्र पाडलं. बुधवारचा पट्टा इतरांच्या बरोबरीला आला होता. टाळ्या झाल्या. मी पदर सावरून बसले, म्हटलं आता सहा खाटांचा विषय मिटला.

अण्णाजी उठले. फार छान काम झालं, म्हणाले. आता खाटा लवकर रिकाम्या होतात. लवकर रिकाम्या होतात, म्हणजे कमी खाटांत भागते. म्हणजे सहा खाटा जास्तच आहेत. तेव्हा त्या काढून स्पेशल रूम करायला काही हरकत नाही.

खाटा अडल्या तरी काढायच्या, सुटल्या तरी काढायच्या! म्हणजे चित भी मेरी, पट भी मेरी. संताप इतका झाला की तोंडातून शब्दच फुटेना, आणि हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

तेवढ्यात दार उघडलं. सुलोचनाबाई गाडीची किल्ली मागायला आल्या होत्या, मागं वेदश्री, छातीशी बाळ नीट गुंडाळलेलं. निघायची वेळ झाली होती. वेदश्री सरळ माझ्याकडे आली आणि वाकली. येते सिस्टर, म्हणाली. सुलोचनाबाई म्हणाल्या, "दुसऱ्या खेपेलेही हिले इथंच आनीन. नागपूर नाई अन काई नाई."

आणि माझी वाचा परत आली.

"कुठल्या खाटेवर आणाल, तेवढं साहेबांना विचारून ठेवा," मी म्हटलं. "वेदश्रीची खाट आत्ताच काढायची ठरली."

सुलोचनाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. अण्णाजी भिंतीवरचं चित्र वाचू लागले.

"काल सांजेले परस्थान कोन घेऊन गेलतं?" सुलोचनाबाईंनी विचारलं.

अण्णाजी म्हणाले, मी.

"कुठून उचललं?"

"तिच्या खाटेवरून."

"परस्थान माहेराहून ठेवते मानूस, का धर्मशाळेतून?" त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटत होती. "माहेर समजूनच ठेवलं ना तुमी? मंग पोरीची पाठ फिरली नाई, अन तिची जागा भाड्यानं द्यायले बसले?"

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पेनचं टोपण काढलं, पण या वेळी त्यांनी ते खाली ठेवलं आणि म्हणाल्या, मीही बुधवार पाळते. तशी दवाखान्याचा लेखनिकही म्हणाला, आम्हीही. मग ऋग्वेद उभा राहिला. त्याला एक चूक सांगायची होती, त्याची स्वतःची. सोमवारी तो वॉर्डात आला तेव्हा दोन बायका सतरंजीवर होत्या, त्यानं स्वतः पाहिलं. पण सिस्टीममध्ये त्या कुठंच नाहीत, कारण खाटेला नंबर असतो, सतरंजीला नसतो. म्हणजे खाटा जास्त आहेत असं जे चित्र सांगतं, ते सतरंजीवरच्या बायकांना न मोजता सांगतं. त्या मोजल्या तर या सहा धरूनही खाटा पुरत नाहीत. हे त्यानं आधी सांगायला हवं होतं, पण टाळ्या वाजल्या आणि राहून गेलं.

अण्णाजींनी खिसे चाचपून गाडीची किल्ली काढली. मग किल्ली बायकोच्या हातात देत म्हणाले, "ऱ्हाऊ द्या खाटा. अन त्या सतरंज्यांले नंबर द्या बाप्पा, आजच्या आज."

खाली जाऊन मी वेदश्रीच्या खाटेवरची चादर बदलली. दुपारी गिरडहून बाई आली, ती त्याच खाटेवर झोपली. तिच्या आईनं बाळाला मध चाटवायला बोट पुढं केलं आणि मी मनसोक्त ओरडले.

त्यानंतर आठवडाभरानं ड्युटीवर असताना फोन आला. इतक्या जोरात बोलणारी बाई एकच. रुख्माबाईनं बाळाचं वजन सांगितलं, आकांक्षाची तब्येत सांगितली, आणि एका दमात सांगितलं की घरी तुरीच्या शेंगा आल्या आहेत, तू ये. मी म्हटलं, सुट्टी नसते हो. फार तर मंगळवारी येईन, बुधवारी सकाळी पहिल्या एसटीनं परत.

"मंगळवारीच येजो," ती म्हणाली. "अन बुधवारी कोन जाऊ देते तुले? माहेराहून बुधवारी कोनी धाडत नाई. गुरुवारी पाहू."

मी फोन कानाला धरून उभी राहिले. इतकी वर्षं तो बुधवार मी अंधश्रद्धा म्हणून ऐकला, दोन महिने त्याच्याशी भांडले, कॅलेंडर काढलं, वाद घातला. आणि तो एवढाच होता. कोणाच्या तरी आईला लेक अजून एक दिवस ठेवून घ्यायची होती, आणि तसं सरळ म्हणता येत नव्हतं.

सुट्टीचा अर्जही आता सिस्टीममध्ये टाकावा लागतो, म्हणून मी ऋग्वेदकडे गेले. मंगळवार ते गुरुवार. त्यानं तारखा पाहिल्या, कॉम्प्युटरवरून नजर उचलली आणि अगदी मदतीच्या भावनेनं म्हणाला, सिस्टर, एक दिवस वाचू शकतो. अल्लीपूरच्या वेशीबाहेर मंगळवारीच तुमचं प्रस्थान ठेवलं, तर बुधवारी निघता येईल.

"नको रे," मी म्हटलं. "तिथं मुळीच ठेवायचं नाही."